एक बाई, सहा नावं

एकोणिसाव्या शतकातली इंग्रज कादंबरीकार जॉर्ज एलियट हिचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: त्या काळी बायकांना लिहू देत नसत, म्हणून तिनं पुरुषाचं नाव घेतलं. वाक्य सोपं आहे, लक्षात राहतं, आणि बरंचसं चुकीचं आहे. १८५० नंतरच्या इंग्लंडमध्ये बायका कादंबऱ्या लिहीत होत्या आणि त्या चांगल्या खपतही होत्या. एलिझाबेथ गॅस्केल 'मिसेस गॅस्केल' म्हणून वाचकांच्या परिचयाची होती. 'करर बेल' या टोपणनावानं लिहिणारी म्हणजेच शार्लट ब्राँटे, हे गुपित केव्हाच फुटलं होतं आणि त्यामुळे तिचा वाचक काही पळून गेला नव्हता.

मग मॅरियन एव्हान्स नावाच्या सदतीस वर्षांच्या बाईला 'जॉर्ज' का व्हावं लागलं? याचं उत्तर साहित्यात कमी आणि इंग्लंडच्या विवाह कायद्यात जास्त सापडतं. आपली एक सोय आहे. या बाईनं आयुष्यात सहा नावं वापरली आणि दर वेळी नाव बदललं तेव्हा मागे काहीतरी घडलेलं होतं. त्या नावांचं बोट धरून चालत गेलं की वाट चुकत नाही.

पहिलं नाव मेरी ॲन, शेवटी जास्तीचं 'ई' अक्षर असलेलं. जन्म २२ नोव्हेंबर १८१९, वॉरिकशरमधल्या ननीटन गावाजवळ. वडील रॉबर्ट एव्हान्स मुळात सुतार. पुढे अंगच्या हुशारीवर ते आर्बरी हॉलच्या न्यूडिगेट घराण्याच्या इस्टेटीचे कारभारी झाले. कारभाऱ्याच्या मुलीला दोन्ही दारं उघडी असतात, हवेलीचं आणि कुळाच्या खोपटाचंही. वडिलांबरोबर गाडीतून हिंडताना तिनं शेतं पाहिली, कोळशाच्या खाणी पाहिल्या, मागावर बसलेले विणकर पाहिले. कोण कुणासमोर टोपी काढतो आणि मागे वळल्यावर काय बोलतो, हे या मुलीच्या कानांनी टिपून ठेवलं. पुढच्या कादंबऱ्यांची बरीचशी शिदोरी तिथली आहे.

शाळा पाचव्या वर्षापासून निवासी. तिथल्या एका शिक्षिकेच्या प्रभावाखाली मुलगी कमालीची धार्मिक झाली. १८३६ मध्ये आई गेली, पुढच्याच वर्षी थोरल्या बहिणीचं लग्न झालं आणि घराच्या किल्ल्या हिच्या कमरेला आल्या. याच सुमाराला ती ते जास्तीचं 'ई' गाळून सही करू लागली. हे नाव दुसरं. उच्चारात काहीच फरक नाही, पण मोठी झाल्याची खूण म्हणून पुरेसं.

१८४१ मध्ये भाऊ आयझॅकचं लग्न झालं, जुनं घर त्याच्याकडे गेलं आणि बापलेक कॉव्हेंट्रीजवळ राहायला आले. तिथे चार्ल्स आणि कॅरा ब्रे या जोडप्याची ओळख झाली. चार्ल्स ब्रे रेशमी फितींचा कारखानदार, पण त्याच्या घरी मुक्त विचारांच्या माणसांची वर्दळ असे. बायबलकडे इतिहासाच्या नजरेनं बघणारी पुस्तकं तिच्या हातात पडली आणि जानेवारी १८४२ मध्ये या एकेकाळच्या कडव्या भाविक मुलीनं वडिलांना सांगून टाकलं, मी चर्चमध्ये येणार नाही. वडील घर मोडायला निघाले. काही महिन्यांनी तडजोड झाली: ती चर्चमध्ये येऊन बसेल, मात्र बसल्या बसल्या काय विचार करायचा ते तिचं ती ठरवेल.

मला ही तडजोड फार महत्त्वाची वाटते. तिच्या कादंबऱ्यांमध्ये पाद्री भरपूर आहेत आणि जवळजवळ सगळे माणुसकीनं रंगवलेले आहेत. श्रद्धा सुटली तरी श्रद्धाळू माणसांबद्दलची माया सुटली नाही. वडील १८४९ मध्ये वारले, तोवर त्यांची सेवा तिनंच केली.

दरम्यान तिनं एक अवाढव्य काम उरकलं होतं. जर्मन अभ्यासक डाव्हिड स्ट्राउस याचं येशूच्या चरित्राची चिकित्सा करणारं जाडजूड पुस्तक तिनं इंग्रजीत आणलं. १८४६ मध्ये ते तीन खंडांत निघालं. मोबदला २० पौंड. अनुवादकाचं नाव पुस्तकावर नाही.

लंडनला आल्यावर, १८५१ मध्ये, ती 'मॅरियन' झाली. हे तिसरं नाव. प्रकाशक जॉन चॅपमनच्या स्ट्रँड रस्त्यावरच्या घरात ती भाड्यानं राहिली आणि त्यानं विकत घेतलेल्या 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू' या नियतकालिकाचं संपादन तिनं दोनेक वर्षं केलं. संपादक म्हणून नाव चॅपमनचं, राबणारी ही, आणि पगार नाही. या काळात हर्बर्ट स्पेन्सर या तत्त्वज्ञावर तिचा जीव जडला. तिनं ते पत्रांतून मोकळेपणानं सांगितलंही. त्याला मैत्रीपलीकडे जायचं नव्हतं. पण त्याच्यामुळे एका माणसाशी तिचा परिचय वाढला, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते.

घटस्फोट का मिळाला नाही

जॉर्ज हेन्री लुईस. पत्रकार, नाट्यसमीक्षक, विज्ञानावर सोपं लिहिणारा, देवीच्या व्रणांनी चेहरा खडबडीत झालेला, बोलायला लागला की मैफल जिंकणारा. तो विवाहित होता. बायको ॲग्नेस हिचे लुईसच्याच मित्राशी, थॉर्नटन हंटशी संबंध होते आणि १८५० मध्ये तिला हंटपासून मूल झालं. दोघा पती-पत्नींना बंधनांविषयी फारसा आदर नव्हता. लुईसनं त्या मुलाला आपलं नाव दिलं. दुसरं मूल झाल्यावर मात्र त्यानं हा संसार संपला असं मानलं.

आजच्या वाचकाचा साहजिक प्रश्न: मग घटस्फोट घेऊन मोकळा का नाही झाला?

१८५७ पर्यंत इंग्लंडमध्ये घटस्फोट देणारं साधं न्यायालयच नव्हतं. विवाहाचे खटले चर्चच्या न्यायालयात चालत आणि ते फार तर वेगळं राहण्याची मुभा देई. पुन्हा लग्न करायचं, तर आपल्या एकट्यासाठी संसदेकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. त्याला एवढा पैसा लागे की जवळपास पावणेदोनशे वर्षांत असे सुमारे तीनशे कायदेच झाले. त्यांतले बायकांनी मिळवलेले फक्त चार.

१८५७ मध्ये कायदा बदलला आणि पुढच्या वर्षी घटस्फोटाचं न्यायालय सुरू झालं. पण एक अट कायम राहिली. जोडीदाराचा व्यभिचार ज्यानं एकदा माहीत असून पोटात घातला, त्याला त्याच कारणावरून दाद मागता येत नसे. आणि लुईसनं तर परक्याच्या मुलाला स्वतःचं नाव दिलं होतं. उदारपणानं केलेली ती गोष्ट कायद्याच्या भाषेत 'माफी' ठरत होती. ॲग्नेस आणि तिची मुलं यांचा खर्च तो पुढेही देत राहिला.

२० जुलै १८५४ रोजी मॅरियन आणि लुईस बोटीनं युरोपला निघाले. वायमार आणि बर्लिनमध्ये आठेक महिने राहिले. लुईस जर्मन कवी गटेचं चरित्र लिहीत होता, ती अनुवाद करत होती. त्याच वर्षी तिनं केलेला जर्मन तत्त्वज्ञ फॉयरबाखच्या ग्रंथाचा अनुवाद बाहेर पडला होता. त्यावर 'मॅरियन एव्हान्स' असं छापलं होतं. एवढी पुस्तकं लिहिणाऱ्या या बाईच्या हयातीत तिचं खरं नाव छापलेलं पुस्तक हे एकच.

परत आल्यावर ती स्वतःला 'मिसेस लुईस' म्हणवू लागली. चौथं नाव. मैत्रिणींनी चुकून 'मिस एव्हान्स' लिहिलं तर ती दुरुस्त करायची. समाजाचा न्याय ठरलेला होता. लुईसला जेवणाची आमंत्रणं येत, तिला येत नसत. पुरुष तिच्या घरी येत, पण बायकांना बरोबर आणत नसत. विवाहबाह्य संबंध असलेले लेखक लंडनमध्ये काही कमी नव्हते. या दोघांचा गुन्हा एवढाच की त्यांनी लपवलं नाही.

१८५७ मध्ये तिनं भावाला पत्र लिहून कळवलं की आपल्याला आता 'पती' आहे. आयझॅकनं स्वतः उत्तर दिलं नाही, वकिलाकरवी लग्न कुठे आणि कधी झालं ते विचारलं. तिनं लिहिलं की हे कायदेशीर लग्न नाही. त्यानंतर भावानं संबंध तोडले आणि बहिणीलाही तोडायला लावले. हा अबोला २३ वर्षं टिकला.

एक गंमत इथेच सांगितली पाहिजे. विवाहित स्त्रीची कमाई तेव्हा कायद्यानं नवऱ्याची असे. १८७० च्या कायद्यानंतर स्वतःची कमाई तिच्या हाती राहू लागली आणि पूर्ण मालमत्तेचा हक्क १८८२ मध्ये मिळाला. म्हणजे पाद्र्यासमोर रीतसर लग्न झालेल्या लेखिकेचा पैसा नवऱ्याचा आणि 'बदनाम' मॅरियनचा पैसा कायद्यानं तिचा स्वतःचा! तिनं मात्र आपली कमाई लुईसच्या नावावर जमा होऊ दिली. त्याचा घोळ पुढे निस्तरावा लागला.

'जॉर्ज'चा जन्म

कादंबरी लिही, असं लुईस तिला सांगत होता. तिचा स्वतःवर भरवसा नव्हता. सप्टेंबर १८५६ मध्ये तिनं 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू'साठी एक खरमरीत लेख लिहून संपवला. विषय होता बायकांनी लिहिलेल्या बाष्कळ कादंबऱ्या. त्यांतल्या नायिका रूपवान, श्रीमंत, अनेक भाषा जाणणाऱ्या आणि शेवटी धर्मोपदेश करणाऱ्या, अशी तिनं मनसोक्त टर उडवली. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत, २३ सप्टेंबरला, तिनं स्वतःची पहिली कथा लिहायला घेतली. नायक एक टकला, सुमार, कर्जबाजारी पाद्री. आपण ज्यांची टिंगल केली त्यांच्या पंगतीत बसणार नाही, याची तिनं पहिल्याच पानापासून काळजी घेतलेली दिसते.

लुईसनं ती कथा एडिंबराच्या जॉन ब्लॅकवुडला 'माझ्या एका मित्राची' म्हणून पाठवली. जानेवारी १८५७ च्या 'ब्लॅकवुड्स मॅगझिन'मध्ये ती आली. फेब्रुवारीत नाव ठरलं: जॉर्ज हे लुईसचं नाव म्हणून, आणि एलियट उच्चारायला सोपं, तोंड भरून घेता येणारं म्हणून. हे पाचवं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. टोपणनावामागे कारणं एकाहून जास्त होती. पुस्तक पडलं तर समीक्षक म्हणून कमावलेली पत जाऊ नये, हे एक. 'लेडी नॉव्हेलिस्ट' या खणात बसवलं जाऊ नये, हे दुसरं. पण सगळ्यात मोठी भीती ही की लेखक म्हणजे विवाहित पुरुषाबरोबर राहणारी आणि बायबलची चिरफाड करणारी पुस्तकं इंग्रजीत आणणारी ती बाई, हे कळलं तर पुस्तक घराघरांत शिरणारच नाही.

इथे पुस्तकधंद्याचं गणित कळायला हवं. नवी कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असे. ही चैन फार थोड्यांना परवडे. बाकीचे म्यूडीच्या फिरत्या ग्रंथालयाची वर्गणी भरत. वर्षाला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, आणि एका वेळी एक खंड घरी. एकच कादंबरी तीन खंडांत असली की तीन घरांत एकाच वेळी फिरते, त्यामुळे हे लांबण म्यूडीला सोयीचंच होतं. म्यूडी शेकड्यांनी प्रती उचले. पण तो आपल्या ग्रंथालयाला 'निवडक' म्हणवत असे, आणि घरातल्या मुलीबाळींसमोर मोठ्यानं वाचता येईल एवढंच निवडत असे. एका माणसाची नापसंती पुस्तकाला महागात पडू शकत होती.

तिची पहिली कादंबरी 'ॲडम बीड' १ फेब्रुवारी १८५९ रोजी आली आणि लोक अक्षरशः तुटून पडले. हिचं बीज एका आठवणीत होतं. तिची मेथडिस्ट पंथाची चुलती, बालहत्येसाठी फाशी झालेल्या एका मुलीच्या शेवटच्या रात्री तिच्यासोबत तुरुंगात थांबली होती, आणि तिनंच ते पुतणीला सांगितलं होतं. ब्लॅकवुडनं हक्कांपोटी ८०० पौंड ठरवले होते. खप पाहून त्यानं आपण होऊन ४०० आणि पुन्हा ४०० पाठवले. असा प्रकाशक विरळा.

एक जण फसला नव्हता. चार्ल्स डिकन्सनं आधीच्या कथासंग्रहावरूनच कळवलं होतं की हे बाईनं लिहिलेलं नसेल, तर मनानं स्वतःला इतकं बाईसारखं करू शकणारा पुरुष आजवर झालाच नाही.

मग आला जोसेफ लिगिन्स. हा प्रसंग प्रहसनात शोभावा असा आहे. ननीटनच्या लोकांना कथांमधली माणसं ओळखू आली: हा आपला अमुक पाद्री, ही तमुक बाई. म्हणजे लिहिणारा गावातलाच असणार. गावात लिगिन्स नावाचा, थोडं शिकलेला आणि पुढे घसरलेला एक गृहस्थ होता. लोकांनी त्यालाच लेखक ठरवलं आणि त्यानंही नाकारलं नाही. त्याच्या भेटीला लोक गेले, तर तो हापशावर स्वतःची भांडी घासताना दिसला. पुस्तकाचा एक छदामही आपल्याला मिळालेला नाही, असं त्यानं सांगितलं. झालं! प्रकाशकानं गरीब लेखकाला लुबाडलं, म्हणून 'टाइम्स'पर्यंत पत्रं गेली, त्याच्यासाठी वर्गणी गोळा होऊ लागली.

आता गप्प राहणं म्हणजे दुसऱ्याला आपलं पुस्तक घेऊ देणं. मैत्रीण बार्बरा बोदिशाँ हिनं अल्जीरियात बसून, परीक्षणांत छापलेल्या उताऱ्यांवरूनच 'ही तर आपली मॅरियन' असं ओळखून कळवलं होतं. त्या उन्हाळ्यात मॅरियननं कॉव्हेंट्रीच्या मित्रांना स्वतःहून सांगितलं आणि बातमी पसरली.

ब्लॅकवुड धास्तावला होता. पण १८६० मध्ये 'द मिल ऑन द फ्लॉस' आली आणि तीही खपली. ज्या घरांत लेखिकेला पाऊल टाकू दिलं नसतं, त्या घरांत तिची पुस्तकं वाचली जात होती. खुद्द राणी व्हिक्टोरियानं 'ॲडम बीड'मधल्या प्रसंगांची चित्रं काढून घेतली. गुपित फुटल्यावरही नाव मात्र 'जॉर्ज एलियट' हेच राहिलं. एव्हाना ते टोपणनाव उरलं नव्हतं, मुद्रा झाली होती.

'मिल'मध्ये मॅगी आणि टॉम ही भावंडं आहेत. मॅगी बुद्धिमान, उतावळी, मायेला भुकेली. टॉम कर्तव्यकठोर, आणि मॅगी एका पुरुषाबरोबर गेल्याची बोंब होताच तिला घराबाहेर काढणारा. शेवटी नदीला पूर येतो आणि दोघं एकमेकांच्या मिठीत बुडतात. समीक्षक या शेवटावर अजून नाखूश आहेत, पुराची तयारी कादंबरीत पुरेशी नाही म्हणतात. खरं असेल. पण वकिलाकरवी उत्तर देणारा भाऊ डोळ्यांपुढे असताना हा पूर वाचला की घसा दाटतोच.

'पण नेहमी डोरोथियाच का?'

'सायलस मार्नर' १८६१ मध्ये आली. छोटी, गोळीबंद, आणि एलियट वाचायला सुरुवात करायची तर हीच घ्यावी. फ्लॉरेन्समध्ये घडणाऱ्या 'रोमोला'साठी एका प्रकाशकानं १०,००० पौंड देऊ केले होते. तिनं ७,००० घेतले, कारण मासिकात क्रमशः छापण्यासाठी त्याला हवे तेवढे तुकडे पाडायला ती तयार झाली नाही. 'फीलिक्स होल्ट' माझ्या मते तिची सर्वांत निर्जीव कादंबरी, तिच्यावर वेळ घालवत नाही.

'मिडलमार्च' डिसेंबर १८७१ ते डिसेंबर १८७२ या काळात पाच-पाच शिलिंगांच्या आठ भागांत निघाली. ही लुईसची युक्ती. कादंबरी तीन खंडांत मावत नव्हती, आणि असे भाग काढले की ग्रंथालयांवरचं अवलंबनही कमी होतं. एका आडगावात, १८३० च्या आगेमागे, कितीतरी माणसं एकमेकांच्या आयुष्यात गुंतत जातात. तरुण, ध्येयवेडी डोरोथिया आपणहून एका वयस्क, शुष्क पंडिताशी, कॅसॉबनशी लग्न करते आणि पस्तावते. वाचक अर्थातच तिच्या बाजूचा. एकोणतिसाव्या प्रकरणात पुन्हा डोरोथियाचं काहीतरी सुरू होतं आणि लेखिका वाक्य अर्ध्यात तोडून विचारते: पण नेहमी डोरोथियाच का? या लग्नात तिची एकटीचीच बाजू आहे का? आणि ती आपल्याला त्या कंटाळवाण्या म्हाताऱ्याच्या मनात नेऊन सोडते. तिथे भीती आहे, आपला ग्रंथ कधीच पुरा होणार नाही ही जाणीव आहे, आणि कुणाला ते कळू नये म्हणून चाललेली धडपड आहे.

एलियटचं मोठेपण एका जागी दाखवायचं झालं तर मी ही जागा दाखवीन. नावडत्या माणसालाही आतून एक केंद्र असतं, हे कादंबरीच्या बांधणीतूनच तिनं वाचकाला भोगायला लावलं. 'मिडलमार्च' ही मोठ्या माणसांसाठी लिहिलेल्या मोजक्या इंग्रजी कादंबऱ्यांपैकी एक, असं लेखिका व्हर्जिनिया वुल्फनं १९१९ मध्ये लिहिलं ते यासाठीच असावं. पहिली शंभर पानं जड जातात, हे कबूल. मीही एकदा सोडून दिली होती.

१८७६ मध्ये शेवटची कादंबरी, 'डॅनियल डेरोंडा'. तोवर रीजंट्स पार्कजवळच्या तिच्या घरी रविवारी दुपारी लंडनमधले नामवंत हजेरी लावत आणि आता बायकाही येत. राणीच्या मुलीनं, राजकन्या लुईजनं, स्वतःहून तिची ओळख करून मागितली. नीती तीच होती, फक्त कीर्ती वाढली होती.

३० नोव्हेंबर १८७८ रोजी लुईस गेला. मृत्युपत्रात तिचा उल्लेख 'मेरी ॲन एव्हान्स, अविवाहित' असा करावा लागला होता. तिच्याच कमाईचा पैसा त्याच्या नावावर! तो परत मिळवण्यासाठी तिनं रीतसर दस्तऐवज करून नावात 'लुईस' जोडून घेतलं. चोवीस वर्षं जे आडनाव लावलं, ते कायद्यानं तिचं झालं तो गेल्यावर.

६ मे १८८० रोजी तिनं जॉन क्रॉसशी चर्चमध्ये लग्न केलं. तो त्यांचा आर्थिक सल्लागार, तिच्याहून वीस वर्षांनी लहान. सहावं नाव, मेरी ॲन क्रॉस. मधुचंद्रात, व्हेनिसला, क्रॉसनं मानसिक अस्वास्थ्याच्या झटक्यात हॉटेलच्या सज्जातून कालव्यात उडी घेतली. नावाड्यांनी त्याला वाचवलं. आणि त्या लग्नाच्या बातमीनं आणखी एक गोष्ट झाली. तेवीस वर्षांनंतर आयझॅकचं पत्र आलं, अभिनंदनाचं. तिनं लगेच मायेनं उत्तर लिहिलं.

त्याच वर्षी २२ डिसेंबरला, चेल्सीच्या नव्या घरात, एकसष्टाव्या वर्षी ती गेली. वेस्टमिन्स्टर ॲबेत दफनासाठी खटपट झाली, पण धर्म आणि विवाह दोन्हींबाबत तिची वागणूक चर्चच्या विरोधात होती, तेव्हा आग्रह धरू नये असं खुद्द जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सलीसारख्या मित्रानं सुचवलं. तिथे तिच्या नावाची शिळा बसली १९८० मध्ये. क्रॉसनं १८८५ मध्ये तीन खंडांत तिचं चरित्र काढलं, तेही पत्रांतला मीठमसाला काढून टाकून. राजकारणी ग्लॅडस्टननं त्यावर म्हटलं की हे चरित्र नव्हेच, हे तीन खंडांतलं मौन आहे.

दफन हायगेटच्या स्मशानभूमीत झालं, लुईसच्या लगत. आयझॅक एव्हान्स तिथे हजर होता. दगडावर आधी 'जॉर्ज एलियट' आहे, अवतरणचिन्हांत, आणि खाली मेरी ॲन क्रॉस, जे नाव तिनं जेमतेम साडेसात महिने लावलं.